घर सोडणाऱ्यांच्या गावात

वाशिम जिल्ह्यात टेकडीवरची जुनी पेठ शोधायला निघालं तर पंचाईत होते. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या उतारावर माची पेठ आहे. घरातून बाहेर पडलं की पाय आपोआप उताराला लागतात आणि गावात येतात. वाशिमला असा किल्ला नाही, डोंगराच्या कुशीतली आळी नाही. वाशिम, मालेगाव, रिसोड हा पट्टा मुळात घाट चढून आल्यावरच लागतो. जुन्या वऱ्हाडाचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग, त्यातला हा वरचा. एकदा वर आलं की काळ्या मातीचं पठार.

तरी जुन्या गावठाणात शिरताना चढ लागतोच. तो माणसांनी केलेला असतो. काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं, ही इथली रीत. पांढर म्हणजे वस्तीची जमीन. मातीची भिंत पावसात खचते, तिच्यावर नवी उभी राहते, तीही कधीतरी बसते. राख, शेण, फुटकी मडकी, पडलेल्या भिंती असं साचत साचत गाव आजूबाजूच्या शेतांपेक्षा पुरुषभर वर येतं. धाब्याच्या घरांवर मृगाच्या आधी नवी माती टाकायची, ती पांढरीच, कारण ती दाबली की पाणी झिरपू देत नाही. ही माती आणायची कुठून? पडीक गढीवरून, ओसाड पडलेल्या वाड्यातून. पणजोबांच्या भिंतीची माती पणतूच्या डोक्यावर. ज्या गावांत सिमेंटचा स्लॅब आला तिथे हे काम संपलं, आणि त्याबद्दल फार गळा काढण्याचं कारण नाही. गळक्या धाब्याखाली श्रावण काढलेल्या बाईला स्लॅबचं मोल विचारावं.

वाशिम ही वत्सगुल्म नावानं वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. चौथ्या शतकात सर्वसेनानं ही शाखा सुरू केली. म्हणजे पाटणी चौकाच्या गर्दीपासून बालाजीच्या देवळाकडे चालत जाणारा माणूस सोळाशेहून अधिक वर्षांच्या वस्तीवरून चालतो. बालाजीचं देऊळ त्या मानानं अलीकडचं, भवानी काळू या भोसलेकालीन कारभाऱ्यानं १७७९च्या सुमारास पूर्ण केलेलं. मूर्तीची कथा मात्र पांढरीला साजेशी आहे: औरंगजेबाच्या काळात देव जमिनीत लपवले, ठिकाण विसरलं गेलं, आणि पुढे मातीतून ते पुन्हा हाती लागले, असं सांगतात. देवसुद्धा इथे वस्तीच्या थरात सापडतो.

इतकं राहणं ज्या मुलखात साचलं आहे, त्या मुलखातली मोठी माणसं मात्र घर सोडायला सांगून गेली. जैन मुनींना घर नाही. दत्तसंप्रदायातला यती घर सोडूनच यती होतो. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी शिष्यांना आधी आपला देश आणि आपलं गाव सोडायला सांगितलं. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना त्याला घर नसतं हेही एक लक्षण म्हणून येतं. मग प्रश्न पडतो तो जुन्या आळीतल्या साध्या गृहस्थाला. बाजाराजवळच्या अरुंद बोळात बापजाद्यांचा वाडा धरून राहणं हा निव्वळ मोह आहे, की राहण्यालाही काही धर्म म्हणता येतो?

या प्रश्नावरचा एक कडकडीत वाद कारंज्यातल्या एका घरात झाल्याचं 'गुरुचरित्र' सांगतं.

कारंजा हे याच जिल्ह्यातलं तटबंदीचं गाव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. वेशींच्या आत दाट घरं. इथे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात माधव आणि अंबा या दांपत्याच्या पोटी नरहरी जन्मला, तोच पुढे नृसिंहसरस्वती. कथा अशी की पोर सात वर्षांचं होईपर्यंत ॐ शिवाय काही बोललं नाही. मुंजीत आईनं भिक्षा घातली तेव्हा वेद बोलू लागलं, आणि वाचा फुटली तशी पुढची मागणी आली: आता मला जाऊ दे.

आईनं रडून सोडून दिलं नाही. तिनं शास्त्र काढलं. आधी अध्ययन, मग गृहस्थाश्रम, मुलंबाळं, यज्ञ, आणि शेवटी संन्यास, हा क्रम मोडता येत नाही, असा तिचा मुद्दा. पोराचं उत्तर असं की देहाचा भरवसा नाही, मग क्रम पाळायचा कोणाच्या जिवावर? दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पक्का आहे. गंमत म्हणजे निकाल युक्तिवादानं लागत नाही. लागतो तो तडजोडीनं. दुसरी मुलं होईपर्यंत थांब, असं आई म्हणते आणि अवतारी पुरुष वर्षभर थांबतो. जुळे भाऊ झाले, तीन महिन्यांचे झाले, तेव्हा तो काशीला निघतो. संप्रदायाच्या मूळ ग्रंथात संन्यासाच्या आधी हे एक वर्षाचं थांबणं आहे, याकडे पारायण करणाऱ्यांचं लक्ष फारसं जात नसावं.

तो परत आलाही. संन्यास घेऊन, तीर्थं करून, शिष्यांसह कारंज्याला येऊन आईवडिलांना भेटला. मग पुन्हा गेला तो कायमचा: औदुंबर, नरसोबाची वाडी, शेवटी गाणगापूर. गेला तिथे पादुका ठेवल्या. चालून गेलेल्या माणसाची पूजा त्याच्या पावलांच्या खुणेनं करायची, ही कल्पना मोठी चतुर आहे. तिच्यात जाणंही राहतं आणि ठिकाणही.

जन्माचं ठिकाण मात्र शतकानुशतकं नुसतं घर होतं. वाड्याचे मालक बदलले, कुणाकुणाचे संसार तिथे झाले. वासुदेवानंदसरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी, यांच्यामुळे कारंज्याचं नाव भाविकांच्या ओठी आलं आणि ब्रह्मानंदसरस्वती ऊर्फ लीलादत्त यांनी १९३४ साली तिथे मंदिर उभं करून निर्गुण पादुकांची स्थापना केली. आज गुरुमंदिर गजबजलेलं असतं. पारायणं, पालखी, भक्तनिवास, बाहेर प्रसादाची दुकानं. एका मुलानं जे घर निग्रहानं सोडलं, त्या घराकडे गाड्या भरभरून माणसं येतात. यात विसंगती आहे का? आहे, आणि ती झाकण्याचं काही कारण नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाचशेहून अधिक वर्षं त्या जागेत जे राहिले, त्यांना ती पवित्र आहे हे माहीत असो वा नसो, त्यांनी तिथे चूल पेटती ठेवली. ते सोडून गेले असते तर तिथे काळी झाली असती, नांगर फिरला असता आणि शोधायला जागाच उरली नसती.

कारंज्यातल्या जैनांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची.

जैन साधूनं चातुर्मासाचे चार महिने सोडून एका जागी मुक्काम करायचा नाही, हा दंडक. महावीरांपासून चालत आलेला. पण मध्ययुगात दिगंबर परंपरेत भट्टारक आले. ते मठात राहू लागले, वस्त्र घेऊ लागले, पालखीत बसू लागले. कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तिन्ही परंपरांची मंदिरं जुन्या गावात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणजे स्थिर न राहण्याचं व्रत घेतलेल्यांच्या तीन स्थिर गाद्या एकाच तटबंदीच्या आत.

सुधारकांनी भट्टारकांना झोडपलं. सतराव्या शतकात आग्ऱ्याच्या बनारसीदासांच्या मंडळींनी तोंड उघडलं, आणि विसाव्या शतकात शांतिसागर महाराजांनी नग्न मुनिचर्या पुन्हा रूढ केली तेव्हा भट्टारक आणखीच फिके दिसू लागले. व्रताच्या काटेकोर मापानं ही टीका खरी आहे. परिग्रह तो परिग्रह. मठाचा असला म्हणून तो सुटत नाही.

पण ग्रंथ कोणी राखले? चालत राहणारा मुनी मोरपिच्छी आणि कमंडलू घेऊन जातो, पोथ्यांची पेटी घेऊन जात नाही. कारंज्याच्या भांडारांत अपभ्रंशातल्या पोथ्या राहिल्या त्या गाद्यांमुळे, त्या गाद्या पोसणाऱ्या बघेरवाल आणि लाड व्यापाऱ्यांमुळे. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची छापली आणि विद्वानांचे डोळे या गावाकडे वळले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातल्या डॉ. हिरालाल जैन यांच्या पुढाकारानं कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. 'जसहरचरिउ' १९३१ साली आलं. १९३३ साली याच मालेत मुनी रामसिंहांचं 'पाहुडदोहा' छापलं गेलं. त्यातला सूर तर सगळ्या आळीला टोचणारा आहे: देव देहातच असताना देवळं आणि तीर्थं काय धुंडाळता, असा. देवळांच्या गावातून देवळांची गरज नाही सांगणारं पुस्तक निघावं, ही गोष्ट कारंज्यानं निमूट पचवली. इतकी पचनशक्ती जुन्या गावांनाच असते.

संपत्तीचा मोह या बोळांनी कमी केला असं मात्र कोणी म्हणू नये. कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा आजही सांगतात. उंटांवर लादलेली कस्तुरी कोणी विकत घेईना, तेव्हा इथल्या लेकुरसंघई नावाच्या श्रेष्ठीनं ती सगळी घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात कालवली. अपरिग्रहाच्या धर्मात ही फुशारकी! १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंजा लुटलं ते इथे लुटण्याजोगं होतं म्हणूनच. श्रीमंत माणसं त्या वेळी वेशीबाहेर निसटली ती बायकांचा वेश घेऊन, असं तेव्हाच्या वृत्तांतात येतं. तटबंदी, कस्तुरी, अब्रू, सगळं एका दिवसात सैल झालं. घर हे कायमचं नाही हे शिकवायला संन्याशाचीच गरज असते असं नाही.

घर सोडणाऱ्यांनाही छप्पर लागतं, हा पेच वत्सगुल्मच्या राज्यातच एका कड्यावर कोरलेला आहे. अजिंठ्याचं सोळावं लेणं हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं खोदवलं. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा. वाघोरा नदीच्या वळणावर, डोंगराच्या उतारावर, ज्यांनी घरदार सोडलं अशा भिक्खूंसाठी हा विहार. तिथल्या शिलालेखात मंत्री वाकाटकांची वंशावळ देतो आणि मग आपल्या लेण्याचं वर्णन करतो: खिडक्या, दारं, चित्रांच्या ओळी. जाहिरातीतल्या फ्लॅटसारखं! आणि पुण्य कोणासाठी? आईवडिलांसाठी. गृहस्थ आपल्या आईबापांच्या नावानं अशा लोकांसाठी घर बांधतो ज्यांनी आपले आईबाप सोडले. बौद्ध परंपरेला यात काही खटकलं नाही. पावसाळ्यात चालू नये, एका जागी राहावं, हे बुद्धानंच सांगितलेलं होतं. तीन महिन्यांचं छप्पर बाराही महिने राहायला लागलं, एवढाच फरक.

खरा घोळ राहण्यात नसतो. तो 'हे माझं' म्हणण्यात असतो, आणि त्याचा ढळढळीत पुरावा याच जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात शिरपूरला आहे.

शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. नावाप्रमाणे ही मूर्ती जमिनीला टेकत नाही अशी श्रद्धा. पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार जात असे म्हणतात; आता खालून कापड सरकवून दाखवतात. तळघरासारख्या गाभाऱ्यात ती आहे. दिगंबर आणि श्वेतांबर दोघेही तिला पूजतात, आणि मूर्तीचा लेप, तिच्या अंगावरच्या वस्त्राच्या खुणा, पूजेचा हक्क यांवरून दोघांत गेलं शतकभर भांडण. १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. ते टिकलं नाही. खटला नागपूरहून पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२९ साली तिथला निकाल लागला. भांडण तिथेही संपलं नाही. १९८१ साली दाराला कुलूप पडलं. पुढे बेचाळीस वर्षं भाविकांनी दाराच्या फटीतून, एक डोळा मिटून, देव पाहिला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं दार उघडलं.

जो देव भूमीला स्पर्श करत नाही त्याच्या जागेवरून इतकी वर्षं कोर्टकज्जा चालावा, यावर भाष्य करायला तत्त्वज्ञ कशाला हवा? आणि कुलूप असताना गाव काय करत होतं? गाव राहत होतं. यात्रेकरू येत, त्यांना पाणी, जेवण, मुक्काम लागे. दोन्ही पंथांच्या वकिलांना शिरपूर म्हणजे एक गाभारा आणि त्याची किल्ली. रहिवाशांना शिरपूर म्हणजे शाळा, बाजार, लग्नं. एकाच जागेवर दोन तऱ्हांची नाती जडतात, आणि धर्मशास्त्रानं मोह म्हणून ज्याची निंदा केली ते यातलं पहिलं नातं, दुसरं नव्हे, असं मानायला जागा आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या त्या बाराव्या अध्यायावर लिहिताना घर नसलेल्या भक्ताला बेघर ठेवलंच नाही. वाऱ्याला जसं एक ठिकाण नाही तसा तो, आणि म्हणून सगळं विश्व त्याचं घर, असा अर्थ त्यांनी लावला. घर काढून घेतलं नाही, कुंपण काढलं.

हे बोलायला सोपं आहे. कुंपण काढण्याचा अर्थ जुन्या वाड्यात वेगळाच होतो. चार भावांच्या वाटण्या, सातबारावर किंवा नगर भूमापनाच्या आखीव पत्रिकेवर अकरा नावं, त्यातली सहा पुण्याला आणि नाशिकला. मधल्या चौकात भिंत पडलेली, तिची दुरुस्ती कोणी करायची यावर दिवाळीत चर्चा. बोळात रिक्षा शिरत नाही, म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून वेशीपर्यंत आणावं लागतं. अशा घरातून उठून बायपासजवळच्या कॉलनीत प्लॉट घेणाऱ्याला कोणी पळपुटा म्हणू नये. वारशाच्या नावानं दुसऱ्याला गैरसोयीत राहायला सांगणारे बहुधा स्वतः कॉलनीत राहतात.

राहणं हे व्रत होऊ शकतं, पण ते स्वतः घेतलं तर. विनोबांचं उदाहरण घ्यावं. १९५१ ते १९६४ अशी तेरा वर्षं हा माणूस भूदानासाठी देशभर पायी हिंडला. आणि १९७० साली त्यांनी पवनारला क्षेत्रसंन्यास घेतला: आता इथून हलायचं नाही. धाम नदीकाठचं पवनार हे वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेचं ठिकाण. आश्रमाच्या जागी खोदताना भरत-राम भेटीचं जुनं शिल्प निघालं होतं. चालण्याचा संन्यास करून झाल्यावर त्यांनी न चालण्याचा केला, आणि त्याच जागी १९८२ साली देह ठेवला. दोन्हींत समान होतं ते एवढंच की निवड त्यांची होती.

उलट बाजूनं पाहायचं तर मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला जावं. सेवालाल महाराजांची समाधी आहे तिथे रामनवमीला बंजारा समाज देशभरातून लोटतो. लमाणांचे तांडे पिढ्यान्पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फिरत. रेल्वे आली, व्यापार बुडाला, तांडे डोंगरउतारावर, माळावर स्थिरावले. त्यांचं फिरणं हा संन्यास नव्हता, तो धंदा होता; त्यांचं थांबणं हाही मोह नव्हता, ती सक्ती होती. घर सोडावं की धरावं हा प्रश्न ज्यांच्याकडे आधीपासून घर आहे त्यांचा असतो, हे पोहरादेवीच्या वाटेवर फार लवकर कळतं.

आणि प्रश्न विचारण्याची मुभा असलेल्यांचाही. 'गुरुचरित्रा'तल्या कारंज्याच्या भेटीत आणखी एक पात्र आहे, त्याच्याकडे पारायणात पानं उलटताना थांबावं. नृसिंहसरस्वतींची बहीण रत्नाई. भाऊ संन्यासी होऊन परत आला आहे, सगळं गाव पायावर लोटलं आहे, आणि ती म्हणते, माझंही मन संसारात नाही, मलाही तारून न्या. मुलानं जी मागणी सातव्या वर्षी केली तीच ही. तिला उत्तर मिळतं की बाईचा उद्धार पतीच्या सेवेत आहे. मग पुढचं भविष्य: तुझा नवराच संन्यासी होऊन तुला सोडून जाईल आणि तुला कुष्ठ होईल. कारण मागच्या जन्मी तू गाईला लाथ मारलीस आणि शेजारच्या जोडप्यात भांडण लावलंस.

हा हिशेब आजच्या वाचकाला पटणं कठीण आहे, आणि तो पटवून घेण्याची गरजही नाही. जाऊ इच्छिणारीला राहायला सांगितलं, आणि जो राहायला हवा होता तो गेला. घर सोडण्याच्या गौरवगाथेत मागे राहिलेल्यांचा जमाखर्च असा मागच्या जन्मावर ढकललेला असतो. कारंज्याच्या जुन्या घरांत, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत, कोणीतरी साधू झाला आणि त्याची बायको भावजयांच्या हाताखाली उरलेलं आयुष्य काढत राहिली. तिचं राहणं कोणत्या आश्रमात मोजायचं हे एकाही स्मृतीनं सांगितलेलं नाही.

रत्नाईच्या आधी सुमारे दीडशे वर्षं, याच वऱ्हाडात, वेगळं उत्तर देऊन झालेलं होतं. चक्रधरांच्या परिवारात महदाइसा होती, बाइसा होती. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहणारी महदाइसा धवळे रचते, शंका काढते, स्वामींना उलट विचारते, आणि तिला तू बाई आहेस म्हणून घरी जा असं कोणी सांगत नाही. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी आठवणी गोळा केल्या तेव्हा अशा बायकांच्या स्मरणाचा त्यांना मोठा आधार झाला. गाव सोडा म्हणणाऱ्या स्वामींच्या अनुयायांनी पुढे ते जिथे जिथे बसले, जेवले, निजले त्या प्रत्येक जागेची नोंद 'स्थानपोथी'त केली, आणि तिथे ओटे बांधले. त्यातले कित्येक ओटे आज लोकांच्या वस्तीत, बोळांत, घरांना लागून आहेत.

रत्नाई शेवटी गाणगापूरला पोचते आणि पापविनाशी तीर्थात न्हाऊन बरी होते, असं ग्रंथ सांगतो. तिच्या नवऱ्याचं पुढे काय झालं, याबद्दल तिथे कोणी तिला विचारत नाही.